उजेड हवा, ऊन नको: आपल्या हवेत स्कायलाइट कसा करावा

रो-हाउसची मधली खोली, लांबट प्लॉटवरच्या बंगल्यातला जिना, दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत लागलेलं गावातलं घर. भर दुपारी दिवा लावावा लागतो अशा जागा महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत. बाजूने खिडकी काढायला वाव नसतो, मग उरतं छप्पर. छपरातून उजेड घेणं, म्हणजेच स्कायलाइट, आपल्याला नवं नाही. कोकणात मंगलोरी कौलांमध्ये एखाद-दुसरं काचेचं कौल बसवतात, माळवदाच्या घरांना सानं (छपरातलं उजेडाचं भोक) असायचं, वाड्यांना चौक होता आणि मुंबईच्या गिरणगावात कापड गिरण्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी, उत्तरेकडे काचा ठेवून बांधलेली होती. या जुन्या कारागिरांना आपलं ऊन नीट ठाऊक होतं. छिद्र लहान ठेवायचं, किंवा उन्हाकडे पाठ करून काच बसवायची, हे त्यांनी पाळलं.

आज आपण युरोपातल्या घरांचे फोटो बघतो आणि गच्चीत चार बाय चारची आडवी काच टाकून मोकळे होतो. पहिल्याच एप्रिलमध्ये तिच्यावर गोणपाट टाकायची वेळ येते आणि पहिल्याच जुलैमध्ये खाली बादली ठेवायची. हे दोन्ही टाळता येतं. त्यासाठी कोणती कामं कोणत्या क्रमाने करायची, ते पुढे सांगतो.

सूर्य कुठून येतो ते आधी बघा

लंडनला डिसेंबरच्या दुपारी सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस तर पुण्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. सावंतवाडीत हा दिवस मेच्या सुरुवातीला येतो, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे छपरातली आडवी काच वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या महिन्यात सूर्याला थेट समोर सापडते.

हिशेब करून बघा. स्वच्छ दुपारी दर चौरस मीटरवर साधारण १००० वॉट उष्णता पडते. चार बाय चार फुटांची काच म्हणजे जवळजवळ दीड चौरस मीटर. साधी पारदर्शक काच त्यातली ८० टक्के उष्णता आत सोडते. म्हणजे मे महिन्यात, भर दुपारी, तुमच्या डोक्यावर सव्वा किलोवॉटचा हीटर चालू. दीड टनाचा एसी जेवढी उष्णता खेचतो, तिचा जवळपास पाव हिस्सा फक्त या काचेसाठी खर्च होईल.

उजेडाचा हिशेब उलटा, आपल्या बाजूचा आहे. कडक उन्हात बाहेर एक लाख लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि पावसाळी ढगाळ दिवसातही दहा हजारांच्या आसपास. घरात वावरायला १०० ते १५०, ओट्याशी भाजी चिरायला किंवा वाचायला ३०० लक्स पुरतात. आभाळात उजेड रग्गड आहे. लहानशा छिद्रातून, थेट ऊन न घेता, तो हवा तेवढा मिळतो.

छपराला हात लावण्याआधी

खिडकीचा उजेड साधारणपणे तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत खोलीत पोचतो. लिंटेल सात फुटांवर असेल तर पंधरा-सोळा फूट. तुमची खोली एवढीच खोल असेल आणि तरी अंधारी वाटत असेल, तर आधी दोष खिडकीसमोरच्या भिंतीत, गडद रंगात, लोंबत्या पडद्यांत शोधा. समोरची कंपाउंड वॉल पांढरी रंगवली तरी फरक पडतो. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या भिंतीत छताला लागून व्हेंटिलेटर काढता येत असेल, तर तो स्कायलाइटपेक्षा स्वस्त आणि बिनघोर.

तरीही छप्परच उघडायचं ठरलं, तर पुठ्ठ्याचा नमुना करा. मोठे आर्किटेक्टही हे करतात आणि ते कोणालाही जमतं. एक फुटाला अर्धा इंच या मापाने खोलीचं खोकं करायचं, आतून खऱ्या रंगाचा कागद चिकटवायचा, वर छिद्र पाडायचं आणि बाजूला मोबाइलच्या कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवायचं. ते गच्चीत, उत्तर दिशा जुळवून ठेवा आणि सकाळी नऊ, दुपारी बारा, संध्याकाळी चार अशा वेळी आतला फोटो काढा. उजेड छोट्या नमुन्यात अगदी खऱ्या खोलीसारखाच वागतो, त्यामुळे हा अंदाज नसून बऱ्यापैकी भरवशाची परीक्षा आहे. उन्हाचा पट्टा टीव्हीवर पडतो की पलंगावर, ते इथेच कळेल. छिद्र सरकवून बघायला पुठ्ठा आणि कात्री पुरते. स्लॅबमध्ये तसं करता येत नाही.

जागा आणि माप

स्कायलाइट खोलीच्या मधोमध काढायचा मोह होतो. तो आवरा. मधोमध पडलेला उजेड फरशीवर एक ठिपका उमटवतो आणि कोपरे त्या ठिपक्यापुढे आणखी काळे दिसतात. तोच उजेड भिंतीला लागून घेतला, तर अख्खी भिंत उजळते आणि ती भिंतच दिव्याचं काम करते. पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड मऊ असतो, डोळ्यांवर येत नाही.

जिना ही सर्वांत चांगली जागा. तिथे कोणी बसत नाही, झोपत नाही, उजेड दोन मजले खाली उतरतो आणि वर चढलेली गरम हवा बाहेर काढता येते. त्याखालोखाल न्हाणीघर, पॅसेज आणि स्वयंपाकघर. पलंगावर, टीव्हीवर आणि अभ्यासाच्या टेबलावर थेट काढू नका.

माप ठरवताना आपल्या हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या ३ टक्क्यांपासून सुरुवात करा आणि आडवी काच असेल तर ५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. १० बाय १२ च्या खोलीला दोन बाय दोन फुटांची आडवी काच पुरते. फॅब्रिकेटर आणि शेजारी, दोघेही तुम्हाला हे फारच लहान म्हणतील. त्यांचं ऐकू नका.

आडव्या काचेऐवजी उभी काच

या लेखातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सपाट स्लॅबच्या घराला आडवी काच न टाकता गच्चीवर एक छोटी पेटी उभी करावी. छिद्राच्या चारी बाजूंनी तीनेक फूट उंच भिंत, वर पक्कं झाकण, म्हणजे पातळ स्लॅब किंवा इन्सुलेशन लावलेला पत्रा, आणि फक्त उत्तरेच्या बाजूला उभी काच.

यात एकाच वेळी बरंच साधतं. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरेच्या काचेवर थेट ऊन येतच नाही. मे ते जुलैमध्ये सूर्य उत्तरेकडे झुकतो, पण पुण्यात दुपारी तो जास्तीत जास्त ५ अंश झुकतो. झाकण नऊ इंच ते एक फूट पुढे काढलं की तेवढं ऊन अडतं. सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं थोडी आत येतील, ती सोसण्यासारखी असतात. दुसरं, आपला पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येतो. त्याची झड पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींना झोडपते, उत्तरेची बाजू त्या मानाने आडोशाला राहते. तिसरं, उभ्या काचेवर पाणी साठत नाही, धूळ कमी बसते, माकड नाचत नाही आणि नारळ पडला तर झाकणावर पडतो. चौथं, काच पुसायला कोणालाही गच्चीत उभं राहून जमतं.

उभी काच अर्धंच आभाळ बघते, म्हणून ती आडव्या काचेच्या साधारण दुप्पट घ्यावी लागते. दोन बाय दोनच्या आडव्या काचेऐवजी चार फूट रुंद, दोन फूट उंच. काचेसमोरची गच्ची पांढऱ्या चायना मोझॅकची असेल तर तिच्यावरून उडालेला उजेडही आत येतो. उत्तरेला पाण्याची टाकी किंवा शेजाऱ्याची उंच भिंत चिकटून नाही ना, एवढं मात्र आधी बघा. काचेच्या वर झाकणाखाली एक फटीची लुव्हर ठेवा, तिला डासांची जाळी लावा. उन्हाळ्यात घरातली गरम हवा तिथून आपोआप निघून जाते.

स्लॅब कापणं

चालू बांधकाम असेल तर काम सोपं. इंजिनिअर छिद्राभोवती जादा सळया देतो, जेवढ्या तुटल्या त्यांची भरपाई दोन्ही बाजूंना करतो आणि कोपऱ्यांत तिरप्या सळया टाकतो, कारण तडा नेहमी कोपऱ्यातून सुरू होतो.

जुना स्लॅब असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय हातोडा उचलू देऊ नका. “दोन फुटांचं तर भोक आहे” हे वाक्य कोणताही मिस्त्री म्हणेल. पण त्या दोन फुटांत मुख्य सळया कोणत्या दिशेने जातात, जवळ बीम आहे का, भोवती आधार द्यावा लागेल का, हे नकाशा आणि गणित बघूनच कळतं. बाहेर आलेल्या कॅन्टिलिव्हर स्लॅबला आणि केबल ताणून केलेल्या पोस्ट-टेन्शन स्लॅबला हात लावायचाच नाही. अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर राहत असाल, तरी गच्ची तुमच्या एकट्याची नसते; सोसायटीचा ठराव आणि स्थानिक संस्थेची परवानगी आधी.

कापताना खालून टेकू लावलेले हवेत. ब्रेकरऐवजी डायमंड कटरने कापून घ्या. ब्रेकरच्या हादऱ्याने आसपासचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, सुटतो आणि मग गळती स्कायलाइटपासून दहा फुटांवर निघते, जिचं मूळ कोणाला सापडत नाही. स्लॅबमधून गेलेल्या वायरिंगच्या पाइपांचा माग काढा आणि कापताना मेन स्विच बंद ठेवा.

सगळं काम दिवाळीनंतर काढा आणि एप्रिलच्या आत संपवा. मे महिना चाचणीसाठी राखून ठेवायचा आहे.

पडदी आणि वॉटरप्रूफिंग

गळणारे स्कायलाइट काचेतून क्वचितच गळतात. ते गळतात स्लॅब आणि पडदी, म्हणजे छिद्राभोवतीची बुटकी भिंत, यांच्या सांध्यातून. म्हणून पैसे इथे खर्च करा.

छिद्राच्या कडेने उभी केलेली पडदी विटांची करू नका, काँक्रीटची करा आणि तिच्या सळया स्लॅबमध्ये केमिकल अँकरने रोवून घ्या. आडवी काच असेल तर गच्चीच्या तयार पातळीपासून पडदी किमान १२ इंच उंच हवी. कोब्याची जाडी चार-पाच इंच असते हे विसरून स्लॅबपासून माप घेतलं, की प्रत्यक्षात सात-आठ इंचच उरतात आणि गच्चीची पन्हळ तुंबली त्या रात्री पाणी आत. कोकणात, घाटमाथ्यावर, आंबोली-महाबळेश्वरकडे १८ इंचांशिवाय जाऊ नका.

स्लॅब आणि पडदीच्या कोपऱ्यात मिस्त्रीकडून गोलाई, म्हणजे वाटा, करून घ्या. काटकोनात वॉटरप्रूफिंगचा थर तुटतो. थर गच्चीवरून सलग पडदीवर चढवायचा आणि तिच्या माथ्यावरून आतपर्यंत न्यायचा. काचेची चौकट पडदीच्या बाहेर दोन इंच येऊन खाली वळलेली हवी आणि तिच्या खालच्या कडेला पाणी तुटून पडेल अशी खाच हवी, नाहीतर पाणी पृष्ठभागाला धरून आत सरकतं. सिलिकॉन हा शेवटचा हात आहे. फक्त सिलिकॉनवर अडवलेलं पाणी तीन-चार पावसाळ्यांत वाट काढतंच.

मग चाचणी. पन्हळ बोळा घालून बंद करा, पडदीभोवती चार इंच पाणी साठवा आणि ४८ तास ठेवा. त्यानंतर होजपाइपने काचेवर वरून आणि तिरपं, अर्धा तास पाणी मारा. खालच्या माणसाने हात फिरवून ओल बघायची. मिस्त्रीचं उरलेलं बिल या चाचणीनंतर द्या.

काच कोणती

डोक्यावरची काच लॅमिनेटेडच हवी. टफन्ड काच मजबूत असते, पण फुटली की हजार तुकडे होऊन एकदम खाली येते, आणि कधीकधी ती कोणाचा हातही न लागता फुटते. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा थर असतो. तडकली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात. दोन्ही काचा सहा मिलिमीटरच्या आणि मध्ये दीड मिलिमीटर थर, हे घरासाठी नेहमीचं माप. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो धरा. म्हणजे चार बाय चारची अशी काच ४५ किलोची झाली. चौकट आणि बसवणारी माणसं त्या हिशेबाने लागतात.

आडव्या काचेला उतार द्या, फुटामागे किमान तीन इंच, नाहीतर धुळीचा चिखल खालच्या कडेला कायमचा बसतो. साध्या काचेऐवजी सोलर कंट्रोल काच मागा आणि विक्रेत्याला दोनच आकडे विचारा: उजेड किती टक्के सोडते आणि उष्णता किती. उजेड ४०-५० आणि उष्णता ३०च्या आत, असं काहीतरी उत्तर हवं. नुसत्या काळ्या-निळ्या रंगाच्या काचेने उजेड कमी होतो आणि काच स्वतः तापून खोली तापवते. आडव्या काचेखाली ग्रिल लावायलाच हवं. चोर वरून येतो आणि गच्चीत खेळणारं मूल काचेवर चढतं.

उन्हाळ्यासाठी काचेच्या वर, बाहेरून, शेडनेट ताणायला चार हूक आत्ताच बसवून ठेवा. आतून लावलेला पडदा चकाकी थांबवतो, उष्णता थांबवत नाही, कारण ती तोपर्यंत घरात आलेली असते.

पॉलिकार्बोनेट वापरायचं असेल तर

हलकं, स्वस्त, न फुटणारं. पार्किंग, मागची पडवी, चौक यांना ठीक. पण त्याचे नियम काचेचे नाहीत. ते तापून फार वाढतं: दहा फुटांचं शीट हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत जवळजवळ ८ मिलिमीटर लांबतं. म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं आणि वर ईपीडीएम रबराचा वॉशर. घट्ट आवळलेलं शीट भोकापाशी चिरतं. ज्या बाजूवर अतिनील किरणांपासून संरक्षण असतं ती वर यायला हवी. फिल्मवर ते छापलेलं असतं, फिल्म काढण्याआधी खूण करून ठेवा. पोकळ शीटच्या नळ्या उताराच्या दिशेने ठेवायच्या, वरचं टोक ॲल्युमिनियमच्या टेपने पूर्ण बंद, खालचं टोक हवा जाईल अशा सच्छिद्र टेपने. हे केलं नाही तर दोन वर्षांत आत शेवाळ दिसतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन त्याला चालत नाही, न्यूट्रल सिलिकॉन मागा.

जुन्या वाड्याच्या चौकावर असं शीट टाकायचं असेल, तर माझी कळकळीची विनंती आहे: चौक बंद करू नका. भोवतालच्या छपरापेक्षा दीड-दोन फूट वर उचलून, चारी बाजू मोकळ्या ठेवून टाका. चौकातूनच वाडा श्वास घेतो. तो झाकला की भोवतालच्या सगळ्या खोल्या तापतात आणि लाकडाला ओल धरते.

कौल आणि पत्रा

कौलारू घराला सर्वांत सोपा उपाय काचेचं कौल. मात्र ते आपल्या कौलाच्याच साच्याचं हवं, खोबण जुळली नाही तर गळणारच. खोलीला दोन-तीन कौलं, ती शेजारी-शेजारी न लावता विखरून. नारळ-फणसाखाली लावू नका. वानरांचा उपद्रव असेल, तर एक-दोन कौलं जादा आणून माळ्यावर ठेवा, कारण तोच साचा पुढे मिळेलच असं नाही.

पत्र्याच्या शेडला त्याच घडीचं अर्धपारदर्शक फायबर शीट मिळतं. छपराच्या ४-५ टक्के क्षेत्र पुरे, आणि दोन शीटमधलं अंतर शेडच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. इथे एक धोका आहे. धुळीने माखलेलं फायबर शीट आणि पत्रा वरून सारखेच दिसतात आणि त्यावर पाय पडून माणसं खाली कोसळतात. प्रत्येक शीटखाली वेल्डमेश (तारेची मजबूत जाळी) लावा आणि वर लाल रंगाने चौकट आखा.

पत्र्याच्या एखाद्या खोलीसाठी २००२मध्ये ब्राझीलच्या अल्फ्रेदो मोझेर या मेकॅनिकने शोधलेली युक्ती आजही उपयोगी आहे: पारदर्शक बाटलीत पाणी आणि थोडं ब्लीच भरून ती पत्र्यात अर्धी बाहेर, अर्धी आत बसवायची. उन्हात ती ४०-६० वॉटच्या जुन्या बल्बाएवढा उजेड देते. बाटलीभोवतीचा सांधा मात्र नीट बंद करावा लागतो.

प्रकाशनलिका

न्हाणीघर, देवघर, पॅसेज अशा छोट्या जागेसाठी गच्चीवर घुमट, मध्ये आरशासारखी चकचकीत नळी आणि खाली छताला दुधी काच, अशी नलिका मिळते. दहा किंवा चौदा इंचांचं कोअर कटिंग, म्हणजे मशीनने कापलेलं गोल भोक, पुरतं, त्यामुळे स्लॅबला कमी इजा होते. तरी सळया तुटणारच, म्हणून इंजिनिअरला विचारणं इथेही आलं. नळी जेवढी सरळ आणि आखूड, तेवढा उजेड जास्त. प्रत्येक वळण उजेड खातं.

आतली बाजू आणि देखभाल

स्लॅब, पडदी, फॉल्स सीलिंग मिळून छिद्र विहिरीसारखं खोल होतं. त्याच्या आतल्या बाजू खाली रुंद होत जातील अशा तिरप्या करा आणि मॅट पांढरा रंग द्या. चकचकीत रंगाने चकाकी येते. या विहिरीतच एक एलईडी पट्टी लपवून ठेवली, तर रात्री तिथूनच उजेड येतो आणि छतावर काळा चौकोन दिसत नाही.

वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि मेअखेरीस, साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने काच धुवा. पॉलिकार्बोनेटला थिनर किंवा घासणी लावू नका. मेअखेरीस पन्हळीतला पाचोळा काढा, काचेभोवतीची रबरी पट्टी, म्हणजे गास्केट, बोटाने दाबून बघा. कडक होऊन चिरलं असेल तर पावसाआधी बदला. पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन छिद्राचे चारी कोपरे खालून तपासा आणि ओल दिसली तर त्या जागेचा फोटो काढून पेन्सिलने कड आखून ठेवा. पुढच्या पावसात ती कड वाढली की तशीच राहिली, यावरून मिस्त्रीला कुठे उघडायचं ते कळतं.